पायाला मिठी आणि कुकरची शिट्टी

प्रश्न : बाई, माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. आम्ही कोपरखैरण्यात राहतो, घरात तिघंच. मी नोकरी करते. सहाला तिला पाळणाघरातून आणते आणि स्वयंपाकाला लागते, तोच ती पायाला मिठी मारून रडायला लागते. खेळण्यांचा खोका भरलेला आहे, त्यात दोन मिनिटंही रमत नाही. शेवटी मोबाइल देते आणि मग झोपेपर्यंत माझं मन खात राहतं. नवरा ठाण्याहून साडेआठला येतो. काय करू?

उत्तर : मोबाइलचं आधी उरकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, की वर्षाच्या मुलांना तो नकोच आणि दोन वर्षं झाल्यावरही दिवसाला तासाभराच्या वर नको. एखाद्या दिवशी दूध उतू जातंय, दारात कुरिअरवाला उभा आहे, तेव्हा दिलात दहा मिनिटं तर मूल बिघडत नाही. रोजची वेळ मात्र पडू देऊ नका.

आता मिठीचं. दिवसभराने आई भेटली आणि तिने लगेच पाठ फिरवली, तर मी पण रडेन! घरी आल्यावर पंधरा मिनिटं तिच्याजवळ जमिनीवर बसा. कुकर उशिरा लागला तर लागू दे.

मग तिला स्वयंपाकघरातच घ्या. शेगडीपासून लांब, दाराजवळ चटई टाका. खेळण्यांत ती रमत नाही, कारण त्यांना तुम्ही हात लावत नाही. आई ज्याला हात लावते तेच खरं, अशी पोरांची समजूत असते. तेव्हा बटाट्यांची टोपली आणि एक रिकामं पातेलं तिच्यापुढे ठेवा. ती दोन्ही हातांनी बटाटा उचलेल, पातेल्यात सोडेल. ठण्ण! मान वर करून तुमच्याकडे बघेल. तुम्ही ‘एक’ म्हणायचं. पातेलं भरलं की ती ते पालथं करेल, बटाटे ओट्याखाली गडगडतील, की ती त्यांच्या मागे रांगत निघेल. खालच्या मजल्यावरचे आजोबा तक्रार घेऊन आले, तर त्यांच्याही हातात एक बटाटा द्या.

यात दहा मिनिटं गेली तरी चार पोळ्या होतात. पुढची दहा मेथीच्या जुडीला. तिची मेथी वेगळी, तुमची वेगळी. नंतर लिंबाएवढा कणकेचा गोळा. तो काळा पडेपर्यंत तिचाच. त्याची पोळी करून बाबांना वाढायचा मोह आवरा.

मी नौपाड्यात एकतीस वर्षं बालवाडी चालवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला बिया, शिंपले, पानं घेऊन मुलांना शिकवलं (कोसबाड तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं), त्याच वाटेने जायचं म्हणून मीही डबे भरभरून बिया जमवल्या. आणि माझ्याच अडीच वर्षांच्या मुलाने त्यातला एक राजमा नाकात घातला! ओलाव्याने राजमा फुगतो. गोखले रोडवर डॉक्टरांपुढे बालवाडीच्या बाई मान खाली घालून उभ्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम असा : सव्वा इंच रुंद नळीतून जाईल अशी वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाला खेळायला द्यायची नाही. मटार, शेंगदाणे, चणे बाजूला ठेवा. छोट्या रिमोटमधले चपटे सेल तर कुलपात. न्हाणीघरातली बादली रोज रिकामी करून पालथी घाला, तान्ह्या-रांगत्या पोराला वीतभर पाणीही बुडायला पुरतं.

कपड्यांच्या घड्या, केर वगैरे तिच्यासमोरच करा, मोजे जुळवायला तिला द्या. चुकीचे जुळवेल. चालतंय.

नवरा साडेआठला येतो म्हणालात. मग भांडी कोण घासतं, ते लिहिलं नाहीत. निदान ओट्याखालचे बटाटे तरी त्यांनाच शोधू द्या.