आमचं ठरलंय, पण तिचं?

स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावीत आहे. तिने सर्जन व्हायचं, परदेशात गरिबांची मोफत ऑपरेशनं करणारी संस्था काढायची, आणि तेही चाळिशीच्या आत! त्यासाठी कोणती स्पेशालिटी 'सेफ', हा तुमचा प्रश्न. दोन पानांत 'आमचं ठरलंय' चार वेळा येतं. मुलीबद्दलचं एकच वाक्य मला खरं वाटलं, तेही तुम्ही कंसात टाकलंय: 'तिला रक्त बघवत नाही, पण होईल सवय.'

सवय होते, नाही असं नाही. पहिल्यांदा ऑपरेशन बघताना भोवळ आलेली मुलं पुढे चांगली सर्जन होतात. पण ती पुन्हा आत जातात ती स्वतःला जायचं असतं म्हणून. संकल्प तुम्ही सोडायचा आणि उपास तिने करायचा, असं कसं चालेल? की तुम्हालाच जायचं होतं आणि राहून गेलं? रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

प्रवेश परीक्षा, एमबीबीएस, मग सर्जरीत एमएस, ही वाट तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. गैरसमज त्याच्या पुढचा आहे. सर्जन विमानातून उतरला, आठवडाभर धडाधड ऑपरेशनं केली, फोटो काढले आणि परतला, हे तुमच्या डोळ्यांसमोरचं चित्र. तो गेल्यावर दहाव्या दिवशी टाक्यांत पू झाला तर ड्रेसिंग उघडून कोण बघणार? भूल द्यायला कुणी नसेल, अवजारं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह बंद असेल, तर कितीही निष्णात सर्जन हात धुऊन नुसता उभा राहतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2015 मध्ये सांगितलं की जगात 5 अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही. त्यात 'भूल' हा शब्द उगाच आलेला नाही. अशी संस्था चालवणाऱ्या डॉक्टरचा दिवस कस्टममध्ये अडकलेला कंटेनर, तिथल्या आरोग्य खात्याशी करार, देणगीदारांना हिशेब आणि तिथल्याच नर्सना तयार करणं, यातच बराचसा जातो.

ऑस्ट्रेलियन स्त्रीरोगतज्ज्ञ कॅथरीन हॅमलिन 1959 मध्ये पतीबरोबर तीन वर्षांच्या करारावर इथिओपियाला गेल्या. 2020 मध्ये त्या वारल्या, त्याही अदिस अबाबातच. त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आलेली, अक्षरओळखही नसलेली मामितू गाशे त्यांच्या हाताखाली राहून फिस्टुलाची, म्हणजे अडलेल्या बाळंतपणात लघवीच्या मार्गाला पडलेल्या छिद्राची, ऑपरेशनं करू लागली. यातलं 'चाळिशीच्या आत' काय बसवणार?

आणि पुढारी डॉक्टरच हवा, हेही खरं नाही. 1978 मध्ये मर्सी शिप्स ही जहाजांवर मोफत ऑपरेशनं करणारी संस्था सुरू करणारे डॉन स्टीफन्स डॉक्टर नव्हते. तुम्ही जाता जाता लिहिलंय की शाळेच्या संमेलनाचा सगळा हिशेब तिने एकटीने सांभाळला, पावत्या तारीखवार लावून. मी तिथे थांबले. अशा कामात साहित्य वेळेवर पोचवणारी, यंत्रं दुरुस्त करणारी, पैशाचा चोख हिशेब ठेवणारी माणसं लागतात. तिला हे काम मनापासून हवं असेल, तर पुरवठा व्यवस्थापन, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, सार्वजनिक आरोग्य या वाटा तिच्यासमोर ठेवा. नकोच असेल, तर विषय तिथेच सोडा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकीटही तिलाच चिकटवू द्या.