वाचकांचे प्रश्न : एकच चाक का तापते?

प्रश्न : माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची ब्रिटिश मोटार आहे. हिवाळाभर ती गॅरेजमध्ये उभी होती. बाहेर काढल्यापासून दहा-बारा मैल चालवली की ब्रेक न दाबताही ती डावीकडे ओढू लागते आणि पुढचे डावे चाक चटका बसेल इतके तापते. थोडा वेळ थांबले की सारे पूर्ववत होते. डाव्या बाजूचे कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टनने पॅड दाबणारा भाग) आणि पॅड नवे बसवले, तरी फरक पडला नाही. आता मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) बदलावा काय?
– एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)

उत्तर : इतक्यात बदलू नये. मास्टर सिलिंडर ब्रेक धरून ठेवत असता, तर त्याचा त्रास एकाच चाकापुरता राहिला नसता. आपल्या गाडीत चारही चाकांना एकाच सिलिंडरमधून दाब जातो. कॅलिपर नवे आहे, त्यामुळे पिस्टन गंजून अडकल्याची शक्यताही फारशी उरत नाही. राहते ती कॅलिपरला जोडलेली लवचीक रबरी नळी, आणि आपल्या पत्रात नेमका तिचाच उल्लेख नाही.

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ब्रेक दाबताना पिस्टनभोवतीचे रबरी सील किंचित मुरडते आणि पाय उचलल्यावर ते मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढीच काय ती परतीची ताकद. जुनी नळी बाहेरून ठणठणीत दिसली, तरी तिचे आतले रबर फुगून वाट अरुंद झालेली असू शकते. पायाच्या जोरावर ब्रेक ऑइल त्यातून पुढे जाते, परत मात्र येत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, त्या उष्णतेने कोंडलेले ऑइल प्रसरण पावते आणि पकड आणखी घट्ट होते. थांबल्यावर दाब हळूहळू झिरपतो, म्हणून आपल्याला गाडी बरी झाल्यासारखी वाटते.

खात्री करायची, तर दोष हजर असतानाच करावी. थंड गाडीत काहीच सापडत नाही. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडण्या लावाव्यात, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल, तर आधी नळीचे वरचे टोक जिथे लोखंडी पाइपला मिळते तो जोड किंचित सैल करावा. चाक सुटले, तर दाब नळीच्या अलीकडे, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या बाजूला अडकला आहे. ते सुटले नाही, पण नंतर कॅलिपरचे ब्लीडर निपल (ऑइल व हवा बाहेर काढण्याचे तोंड) उघडताच सुटले, तर दोष नळीचाच. निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर पॅड अडकले आहेत किंवा बेअरिंग बिघडले आहे. ऑइल गरम असते, म्हणून निपलला नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे. रंगावर थेंब पडल्यास लगेच पाण्याने धुवावे, एरवी रंग सोललाच म्हणून समजा.

नळी बदलताना आधी वरच्या जोडाचा पाइप मोकळा करावा, मग नळी गाडीला धरून ठेवणाऱ्या कंसातले (ब्रॅकेटमधले) नट, आणि शेवटी कॅलिपरकडचे टोक. उलट क्रमाने गेल्यास नळीला पीळ बसतो. उजवीकडची आणि मागच्या अॅक्सलकडे जाणारी नळीही त्याच वयाची असेल, तर तिन्ही एकदमच बदलाव्यात. ब्रेक ऑइल डॉट ४ या प्रतीचे घ्यावे, ते सीलबंद डब्यातलेच असावे. ते हवेतला ओलावा शोषते. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात मिसळू नये, आणि इंजिन ऑइलचा तर थेंबही नको, कारण त्याने सगळी सील फुगतात. काम करताना आत शिरलेली हवा निपलमधून काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी.

नव्या नळ्यांनंतर पुढची दोन्ही चाके सारखीच तापू लागली, तर मात्र मास्टर सिलिंडरकडे वळावे. पेडलला सुरुवातीला किंचित मोकळी हालचाल आहे की नाही, हे आधी तपासावे. ती नसेल, तर सिलिंडरमधले ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि पेडलच्या दांडीत फट ठेवल्यास सिलिंडर न बदलताच काम भागू शकते.