अमेरिकेतल्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळरानात, अगदी मूठभर लोकांची गावं असतात म्हणे, अशा एखाद्या गावाचा इतिहास आणि लोकसंख्या सांगाल का?

निकोडेमस. कॅन्सस राज्यात, ग्रॅहम काउंटीत. २०२० च्या जनगणनेत माणसं किती, तर १४. आपल्याकडे लग्नाच्या एका पंगतीला याहून जास्त बसतात.

नोकरीमुळे काही वर्षं कॅन्ससमध्ये होतो तेव्हा जाऊन आलोय, हायवे २४ वरच आहे, गप्पा मारत गाडी चालवत असाल तर गाव मागे पडलेलं कळणारही नाही.

गाव बसलं १८७७ ला, आणि बसवलं केंटकीतून आलेल्या काळ्या लोकांनी, म्हणजे बारा वर्षांपूर्वीपर्यंत जे गुलाम होते त्यांनी. (जोतिरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्यांना अर्पण केली ती १८७३ ला, म्हणजे काळ तोच.) डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे पाद्री, यांनी मिळून कंपनी काढली, पत्रकं छापून वाटली. लोक रेल्वेने एलिसपर्यंत आले आणि पुढे दोन दिवस तंगडतोड, आणि पोचून बघतात तर गावच नाही! झाडं नाहीत म्हणजे लाकूड नाही, मग जमीन खणून त्यातच राहायचं. विलियाना हिकमन नावाच्या बाई १८७८ च्या वसंतात आल्या, त्यांची आठवण नोंदवलेली आहे, नवरा म्हणाला ते बघ निकोडेमस, आणि यांना दिसला नुसता जमिनीतून निघणारा धूर, रडूच फुटलं. त्याआधीचा पहिला हिवाळा तर शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी खायला दिलं म्हणून निभावला.

तरी दहा वर्षांत हॉटेल, शाळा, चर्च, दोन पेपर, सगळं उभं केलं. रेल्वे यावी म्हणून १६,००० डॉलरचे बाँड काढायचंही ठरवलं. पण १८८८ ला युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने लाइन नेली नदीपलीकडून, स्टेशन झालं बोग नावाच्या गावाला, मग दुकानदार पण तिकडेच गेले.

रेल्वे आली नाही म्हणून गाव मेलं असं सगळीकडे वाचाल, मला ते अर्धवट वाटतं. रेल्वेने बाजार नेला, पण शेतकरी आजूबाजूच्या शेतांवर टिकून होते की पुढे कितीतरी वर्षं! खरं कंबरडं मोडलं ते १९३० नंतरच्या मंदीने आणि दुष्काळाने. १९३५ ला ७६ माणसं, १९५० ला १६. पोस्ट १९५३ ला बंद, शाळा १९६० ला.

१९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, जुन्या पाच इमारती आहेत. जायचंच असेल तर जुलैच्या शेवटी जा, तेव्हा गुलाममुक्तीचा उत्सव असतो, आपल्याकडे मुंबईकर जत्रेला गावी येतात तसे ठिकठिकाणी पांगलेले लोक येतात. पेट्रोल मात्र आधीच हिल सिटीत भरून घ्या. हो, नाव त्याच हिलचं, आणि काउंटीचं मुख्य ठिकाणही तेच.