आजोबांचा वस्तरा नातवाच्या हाती द्यावा का?

प्रश्न : माझ्या 16 वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी मिसरूड फुटले. सासऱ्यांच्या ट्रंकेत त्यांचा जुना वस्तरा सापडल्यापासून दाढी करायला शिकेन तर यानेच, असा हट्ट त्याने धरला आहे. यजमानांना त्यात वावगे वाटत नाही. मला मात्र धास्ती वाटते. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही, तरीही त्याला शिकू द्यावे असे माझे मत आहे. मात्र तो वस्तरा आज आहे त्या स्थितीत त्याच्या गालाला लागता कामा नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पोलादी पात्याच्या धारेवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असू शकतात. वस्तरा दिव्याखाली धरून धारेकडे सरळ पाहावे. जिथे प्रकाश चमकतो, तिथे धार गेलेली असते. बोथट वस्तरा अधिक घातक, कारण तो चालत नाही म्हणून हाताचा दाब वाढतो. म्हणून जाणकाराकडून त्याला आधी धार लावून घ्यावी.

मी स्वतः 17व्या वर्षी वडिलांकडून शिकलो. पहिले काही आठवडे त्यांनी मला गालाला साबणही लावू दिला नाही; खिडकीच्या गजाला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर मी नुसता वस्तरा फिरवत असे. पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे आणि धार मागे राहावी लागते, आणि टोकाशी पोचल्यावर पाते पाठीवरच उलटावे लागते. एकदा घाईने मी ते धारेवर उलटले आणि पट्ट्याला बोटभर चीर पडली. वडील काही बोलले नाहीत, पण पुढचा महिनाभर माझा हात आपोआप सावकाश चालला.

गालावर मुरमे असतील, तर ती बसेपर्यंत वस्तरा दूरच ठेवावा आणि ट्रिमरने भागवावे. केस दाट होतील या भीतीने मात्र थांबू नये; दाढीने केस वाढत नाहीत, कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते राठ लागतात, एवढेच.

सुरुवातीचे काही महिने त्याने वस्तरा फक्त गालांवर चालवावा. हनुवटी, ओठांवरचा भाग आणि गळा साध्या रेझरने करावा. कोमट पाण्याने केस दोन-तीन मिनिटे भिजवून, मोकळ्या हाताने कातडी ताणून, पाते साधारण 30 अंशांत तिरपे धरून केसांच्या वाढीच्या दिशेने न्यावे. पाते आडवे सरकले की कापलेच, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे. वस्तरा मित्रांना वापरायला देऊ नये, कारण वाळलेल्या रक्तातही हिपॅटायटिस बीचा विषाणू किमान सात दिवस टिकतो. शिवाय 16व्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल, तर ती देऊन घ्यावी.

राहिला प्रश्न शिकवणाऱ्याचा. यजमानांना वस्तऱ्याचा सराव नसेल, तर नेहमीच्या सलूनमधल्या कारागिरांना विनंती करावी. बऱ्याच ठिकाणी सोमवारी सलून बंद असते आणि रविवारी पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मधल्या एखाद्या सकाळी, हातात गिऱ्हाईक नसताना मुलाला घेऊन जावे, आणि पहिला धडा अर्धे ब्लेड बदलण्याच्या वस्तऱ्यावरच होऊ द्यावा.