द्राक्षबागेतील ट्रॉलीला कोणती मोटर बसवावी?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. काढणीच्या दिवसांत भरलेले क्रेट ओळींमधून पॅकहाऊसपर्यंत वाहून न्यायला माणसे मिळत नाहीत. एका खेपेत 20 किलोचे 15 क्रेट नेणारी बॅटरीवरची ट्रॉली सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घ्यावी, असा विचार आहे. दुकानदार ई-रिक्षाची 1000 वॅटची मोटर सुचवतात. ती पुरेल का?
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : वॅटचा आकडा पुरेसा आहे, परंतु ती मोटर ई-रिक्षाच्या गिअरसह जशीच्या तशी बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ट्रॉलीचा सांगाडा आधी तयार करून घ्यावा. त्यात क्रेट आणि बॅटरीच्या वजनाइतकी माती भरलेली पोती ठेवून, दांड्याला हुकाचा वजनकाटा अडकवावा आणि ड्रिपखाली भिजलेल्या, बागेतील सर्वांत मऊ जागी ती सावकाश ओढून पाहावी. ट्रॉलीसह एकूण वजन 400 किलो असेल, तर मऊ मातीत काटा सुमारे 40 किलो दाखवील आणि वीस फुटांत एक फूट चढ असेल, तर त्यात 20 किलोंची भर पडेल. ही 60 किलोंची, म्हणजे जवळजवळ 600 न्यूटनची ओढ माणसाच्या चालीने, सेकंदाला एक मीटर या वेगाने चालू ठेवायला चाकापाशी 600 वॅट लागतात. गिअर आणि साखळीत पाव हिस्सा जातो असे धरले, तर मोटरने 800 वॅट द्यायला हवेत.

खरा प्रश्न वेगाचा आहे. ई-रिक्षा ताशी 25 किलोमीटरपर्यंत धावण्यासाठी बनवलेली असते, तर आपली ट्रॉली ताशी साडेतीन किलोमीटरने चालणार. 40 सेंटिमीटर व्यासाचे चाक या चालीला मिनिटाला 48 फेरे घेते. मोटर 3000 फेऱ्यांची असेल, तर मधला गिअर साधारण 60 पट वेग कमी करणारा हवा. तो नसेल, तर चढावर मोटर अडून राहते, भरमसाट करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. स्कूटरच्या चाकातील हब मोटरही याच कारणासाठी टाळावी.

बॅटरी 48 व्होल्टची घ्यावी. सरासरी 500 वॅटने दिवसाला दोन तास प्रत्यक्ष चालणे धरल्यास 1000 वॅट-तास लागतात. लिथियम फॉस्फेटची 30 अँपिअर-तासांची बॅटरी त्याला पुरते. लेड-अ‍ॅसिड मात्र अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून ती किमान 45 अँपिअर-तासांची घ्यावी लागेल आणि तिचे वजनही बरेच जास्त भरेल. कंट्रोलर हळूहळू वेग वाढवणारा निवडावा, कारण सुरुवातीच्या झटक्याने क्रेटमधील मणी गळतात.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. उतारावर भरलेली ट्रॉली सोडून माणूस क्रेट उचलायला वळतो, तेव्हा ती मोटरच्या भरवशावर थांबत नाही. त्यामुळे दांडा सोडताच आपोआप लागणारा ब्रेक बसवण्याची अट वर्कशॉपला पहिल्याच दिवशी घालावी.