जुन्या सीडीचा परवाना नव्या मशीनला चालेल का?

प्रश्न : ताई, इतवारीत आमचं धान्याचं ठोक दुकान आहे. बिलं आणि उधारीचा हिशेब बाबांच्या काळापासून डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या, एका प्रोग्रामवर चालतो. विंडोज एक्सपीवालं जुनं मशीन सारखं बंद पडते, म्हणून विंडोज ११ प्रोचं नवं घेतलं. त्यावर तो प्रोग्राम उघडतच नाही. दुरुस्तीवाला पोरगा म्हणतो, ‘‘जुन्या कॅबिनेटवर एक्सपीचं स्टिकर आहे, सीडी आहे, टाकून देतो. पैसे भरलेलेच आहेत, काहून घाबरता?’’ मुनीमजींनाही तेच पाहिजे. हे कायद्यात बसते का?
— एक व्यापारी, नागपूर

उत्तर : नाही बसत, भाऊ. स्टिकर ज्या कॅबिनेटवर आहे, परवाना त्याच मशीनचा. मशीनसोबत आलेली विंडोज, म्हणजे ओईएम, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. पैसे भरले हे खरं, पण त्या डब्यापुरते.

आता नव्या मशीनच्या परवान्यावर जुनी विंडोज वापरता येते का, ते बघू. ‘डाउनग्रेड’चा हक्क विंडोजच्या प्रो आवृत्तीच्या करारात असतो, घरगुती होम आवृत्तीच्या नाही. तुमचं प्रो आहे, चांगलं आहे. पण ११ वरून उतरायचं ते १० प्रोवर, थेट एक्सपीवर नाही. शिवाय त्याच कलमात लिहिलंय की जुन्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट असेल तोवरच हा हक्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आज त्या हक्काच्या भरवशावर दुकान चालवू नये. कोणी १० टाकून दिली आणि ती ॲक्टिव्हेट झाली, तरी तेवढ्यानं परवाना सिद्ध होत नाही. हा गैरसमज मला सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत सगळीकडे भेटतो.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. तुमचा प्रोग्राम अडतो तो ११ मुळे नाही, ६४-बिट विंडोजमुळे, म्हणजे नव्या मशीनवर येणाऱ्या विंडोजच्या प्रकारामुळे. तीत डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. १० ची ६४-बिट टाकली असती तरी अडचण तीच. एक्सपीचं म्हणाल, तर नव्या मशीनच्या भागांना तिचे ड्रायव्हरच, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्राम, मिळायचे नाहीत. म्हणजे कायदा मोडूनही प्रोग्राम सुरू होण्याची खात्री नाही.

तेव्हा ११ तशीच ठेवा आणि तिच्यात डॉसबॉक्स-एक्स टाका; विंडोजच्या आत डॉसची नक्कल उभी करणारा हा प्रोग्राम. मोफत आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा वेगळा परवाना लागत नाही. प्रोग्रामचं आख्खं फोल्डर त्यात न्यायचं. मुनीमजींना तोच काळा पडदा नि कीबोर्डच्या त्याच कळा मिळतील. छपाईची सोयही त्यात आहे, पण डॉट मॅट्रिक्स असेल तर सेटिंगला थोडी डोकेफोड होईल. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये, एक्सपी चालवू, असं पोरगा सुचवेल. तिथेही त्या एक्सपीला स्वतःचा परवाना लागतो.

प्रोग्रामचा परवानाही बघून घ्या. जुन्या काही प्रोग्रामना प्रिंटरच्या पोर्टात लावायचं कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारं छोटं उपकरण, असायचं. तसं असेल तर बनवणाऱ्याला गाठावं लागेल.

तोवर जुन्या मशीनवर एक्सपी वापरायला हरकत नाही, तिथे ती तुमचीच. मात्र तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा इंटरनेटची वायर काढून ठेवा. आणि उधारीच्या डेटाची नक्कल आजच पेनड्राइव्हवर घ्या. ते मशीन तुमच्यासाठी थांबणार नाही.