उधारीच्या वहीचं अ‍ॅप

प्रश्न : मी बी.कॉम.ला आहे. बाबांच्या किराणा दुकानाच्या उधारीचं अँड्रॉइड अ‍ॅप करायचंय. क्लासची फी परवडत नाही. कुठून शिकू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : अरे, गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर्स संकेतस्थळावर ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा अभ्यासक्रम मोफत आहे. मीही त्यातूनच शिकले. अ‍ॅप लिहायची कोटलिन ही प्रोग्रॅमिंग भाषा त्यात अगदी पहिल्या ओळीपासून शिकवतात. जावा या आधीच्या भाषेचे जुने व्हिडिओ सोड. २०१९पासून गूगलची पहिली पसंती कोटलिनलाच आहे. लॅपटॉपला ८ जीबीच रॅम असेल तर एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा नकली फोन, रडवतो. त्यापेक्षा स्वतःचा फोन केबलने जोड. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू कर, म्हणजे लॅपटॉपवर लिहिलेलं अ‍ॅप थेट फोनवर चालवून बघता येईल. आणि सगळे धडे संपायची वाट बघू नकोस. गिऱ्हाइकाचं नाव आणि रक्कम, एवढ्या दोनच रकान्यांची वही आधी करून बाबांना दाखव.